उतारवयातील शिल्लक

दिवाळीपूर्वी आपण खाती मिळवितो, येणे-देणे पाहतो आणि शिल्लक काढतो. साठी उलटल्यावर आयुष्याचाही असाच ताळेबंद मांडावा लागतो. त्यात शिल्लक कशाला म्हणावे, याविषयी मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत. त्यातील बोध सभासद बंधुभगिनींपुढे ठेवतो.

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मनुष्यजीवनाच्या आठ अवस्था वर्णिल्या. त्यातील सातवी प्रौढावस्थेची. मागून येणाऱ्या पिढीला वाढविणे हे तिचे कार्य होय. ते न साधल्यास जीवनास साचलेपणा येतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या जीवनाचा अभ्यास सुरू झाला. पुढे बोस्टन शहरातील गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांची माहितीही त्यास जोडली गेली. अनेक वर्षे हे कार्य पाहणारे जॉर्ज व्हेलंट यांनी २००२ साली लिहिले की, पुढील पिढीला हात देणे ज्यांना साधले, त्यांची सत्तरी आनंदात जाण्याचा संभव तिपटीने अधिक आढळला.

यावर कोणी म्हणेल, निरोगी व सुखी मनुष्यच दुसऱ्यास शिकवीत असेल! ही शंका रास्त आहे. तिचे काही निरसन बाल्टिमोर शहरातील प्रयोगाने होते. तेथे साठ वर्षांवरील १२८ स्त्री-पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने प्राथमिक शाळांतील मुलांना आठवड्यास १५ तास वाचनादी कामांत साहाय्य केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, या गटाची हालचाल व शक्ती दुसऱ्या गटाच्या मानाने वाढली आणि अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसेही वाढली.

आता स्वतःची चूक सांगतो. पुतण्या पेढीवर आला तेव्हा नमुना मीच पाहत असे, भाव मीच बोलत असे. तिजोरीची किल्लीही माझ्याच कमरेला. चार वर्षे तो केवळ पोती मोजीत राहिला. पुढे मी आजाराने दोन महिने अंथरुणास खिळलो. त्या अवधीत त्याने ओलसर तूर कोरडी समजून घेतली आणि कोठारात तिला बुरशी लागली. मी रागावलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, दाणा कसा पाहावा हे तुम्ही मला कधी दाखविलेच नाही." यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून रोज सकाळी तीन नमुने मांडतो. प्रथम तो मत सांगतो, नंतर मी. दोघांत अंतर पडले तर दाणा दाताखाली फोडून कारण शोधतो. ओलावा मोजण्याचे यंत्र त्याने मला शिकविले. चाळीस वर्षे जे हाताला ठाऊक होते ते शब्दांत सांगताना मला नव्याने विचार करावा लागतो, आणि सकाळ केव्हा सरली हे कळत नाही.

ज्येष्ठ बंधूंना तीन गोष्टी सुचवितो :

१. आपले मत सांगण्यापूर्वी तरुणाचे मत विचारावे.
२. रकमेची मर्यादा ठरवून व्यवहार पूर्णपणे त्याच्या हाती द्यावा. लहान चूक सोसावी.
३. तो जे नवीन जाणतो, ते संकोच न करता शिकावे.

तरुणांस एकच विनंती : वडील मंडळी बसली आहेत तोवर विचारून घ्या. मनुष्य गेल्यावर वही उरते. परंतु त्याची पारख वहीत लिहिलेली नसते.