परिषदेला पुण्यात वेळेवर कसे पोहोचावे?

प्रश्न : शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात परिषद आहे. कळंबहून एसटीने यावे की गाडीने?

उत्तर : एसटीने या, पण वाकडेवाडीपर्यंत बसून राहू नका, नाशिक फाट्यावर उतरून मेट्रो धरा. महामार्गावर चाकणच्या कोंडीत जाणारा वेळ कुणालाच चुकत नाही, मग शहरातल्या सिग्नलांवर आणखी का घालवायचा? सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोची ही मार्गिका थेट स्वारगेटपर्यंत जाते. पण तुम्हाला त्याआधी शिवाजीनगरलाच उतरायचे आहे. हातात पिशव्या असताना बदलाबदली नको, असे वाटेल. पण फाट्याच्या स्थानकाला लिफ्ट आहे, आणि गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यातच उद्घाटन हुकेल. बस फाट्यावर थांबते का, हे मात्र चढतानाच वाहकाला विचारा.