हळदीचा दावा

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे गाव हळदीसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळा लागला की तेथे ओली हळद उकडून वाळत घालतात आणि शिवार हळकुंडांनी पिवळे दिसू लागते. बोट कापले तर घरातील आजी जखमेवर प्रथम हळदच दाबते. ही विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. तिच्यावर कोणा एकाचा हक्क नाही.

परंतु १९९५ साली अमेरिकेत विपरीत घडले. जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याचे पेटंट तेथील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधाबद्दल शोधकास ठरावीक मुदतीपुरता मिळणारा एकाधिकार. पण जे आपल्या आजीच्या आजीलाही ठाऊक होते, ते नवे कसे? भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर हे तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. ‘हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे,’ एवढे सांगून भागणार नव्हते. लेखी पुरावा हवा होता. परिषदेने संस्कृत, हिंदी व उर्दू लेखनातून ३२ आधार शोधून पुढे मांडले. अखेर १९९७ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानेच ते पेटंट रद्द केले.

वनस्पतींना देशांच्या सीमा ठाऊक नसतात; म्हणून त्यांच्या रक्षणासाठी राष्ट्रांना एकत्र यावे लागते. १९९२ साली रिओ द जानेरो येथील परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार पुढे आला. प्रत्येक राष्ट्राचा आपल्या जैविक संपत्तीवर सार्वभौम हक्क असून, तिच्यापासून होणारा लाभ न्यायाने वाटला जावा, हे त्याने मान्य केले. त्यास अनुसरून भारताने २००२ साली जैवविविधता कायदा केला. परदेशी संस्थेस येथील जैविक संपत्ती संशोधनासाठी हवी असल्यास सामान्यतः चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरणाची अनुमती आधी घ्यावी लागते. गावातील झाडे, पिकांचे वाण, पशुपक्षी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान नोंदवहीत लिहून ठेवण्याचे काम या कायद्याने गावच्या समितीकडे सोपविले आहे.

मुलांनो, एक दावा जिंकला म्हणून आपण अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नये. आजीला ठाऊक असलेले कितीतरी उपाय अजून कोठेही लिहिलेले नाहीत. जे लिहिलेलेच नाही, त्याचा पुरावा उद्या कोण देणार?

स्वाध्याय
१. हळदीचे पेटंट का रद्द झाले?
२. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
३. घरातील वडील माणसांना विचारून पाच वनस्पतींचे उपयोग वहीत लिहा.