कापडाचा दाखला

कापडाच्या जुन्या दुकानात एक दृश्य नेहमी दिसत असे. पांढऱ्याशुभ्र गादीवर बसून दुकानदार तागा उलगडीत आहे. समोर एक आजीबाई बसल्या आहेत. भाव विचारण्यापूर्वी त्या कापडाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून चुरगळतात, मग ते उजेडाकडे धरून वीण दाट आहे की विरळ, हे पाहतात. कडेचा एखादा धागा उपसून तो तोडूनही पाहतात. एवढी परीक्षा पुरी होईपर्यंत दुकानदाराच्या गोड बोलण्याकडे त्यांचे फारसे लक्ष नसते.

आज पुष्कळ कापड मोबाइलच्या पडद्यावर विकले जाते. तेथे चित्र दिसते, रंग दिसतो, किंमत दिसते. पण चित्राला बोट लावले, तर बोटास लागते ती काच. सुती साडी आणि पॉलिएस्टरची साडी यांची छायाचित्रे जुळ्या बहिणींसारखी दिसू शकतात. म्हणून चित्राखाली चार ओळींचा मजकूर दिलेला असतो. आजीबाईंची बोटे जे काम करीत, ते आता त्या चार ओळींनी करावयाचे असते.

या ओळी कोण लिहितो? समजा, इचलकरंजीच्या यंत्रमागावर सदऱ्याचे कापड निघाले. त्याचे सदरे शिवले गेले आणि ते भिवंडीच्या एखाद्या प्रचंड गोदामात येऊन पडले. भिवंडी हे मागांचे गाव म्हणून प्रसिद्ध. आता तेथे घरपोच माल पाठविणाऱ्या विक्रेत्यांची मोठमोठी गोदामेही उभी आहेत. असा नवा माल आला की त्याचे छायाचित्र घेतात आणि एक कर्मचारी त्याची नोंद करावयास बसतो. नोंदीत रंग, माप, बाहीची लांबी असे अनेक रकाने असतात. ते भरणे सोपे, कारण डोळ्यांना दिसते तेच लिहावयाचे. खरी कसोटी लागते ती 'कापड' या रकान्यापाशी.

येथे पहिली चूक होते ती नावाची. पुष्कळ जण या रकान्यात 'सॅटिन' किंवा 'जॉर्जेट' असे लिहून मोकळे होतात. परंतु सॅटिन हे धाग्याचे नाव नव्हे. ती एक वीण आहे. तीत धागे लांब अंतरापर्यंत वर मोकळे राहतात, म्हणून कापडास झळाळी येते. ते धागे रेशमाचे असतील, तसेच पॉलिएस्टरचेही असतील. जॉर्जेटचेही तेच. ते घट्ट पिळाच्या धाग्यांचे झिरझिरीत कापड खरे. पण धागा कशाचा, हे त्या नावावरून कळत नाही. ताटात नुसती 'भाकरी' आहे म्हटल्याने ती ज्वारीची की बाजरीची, हे कसे समजावे? यासाठी चांगल्या नोंदीत दोन रकाने वेगवेगळे ठेवतात: एकात धागा, दुसऱ्यात वीण.

धागा मिश्र असेल, तर त्याचे प्रमाण लिहावे लागते. 'कापूस ६० टक्के, पॉलिएस्टर ४० टक्के' यातील टक्के वजनाचे असतात, लांबीचे नव्हेत. हे प्रमाण अंदाजाने सांगता येत नाही. प्रयोगशाळेत कापडाचा लहानसा तुकडा वाळवून तोलतात व तीव्र गंधकाम्लात ठेवतात. त्यात कापूस विरघळतो, पॉलिएस्टर तसेच राहते. राहिलेला भाग धुऊन, वाळवून पुन्हा तोलला म्हणजे हिशेब हाती येतो. एका ग्रॅमपैकी ४०० मिलिग्रॅम उरले, तर पॉलिएस्टर ४० टक्के.

कापडाच्या जाडीची नोंद करण्याची रीत तर याहून गमतीची आहे. एका गोल कातरयंत्राने बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतात आणि ती तोलून वजनाला १०० ने गुणतात. चकती १.२ ग्रॅम भरली, तर एक चौरस मीटर कापडाचे वजन १२० ग्रॅम झाले. उन्हाळी सदऱ्याला असे कापड चालते. जीनच्या पाटलोणीचे जाड कापड बहुधा ३०० ग्रॅमच्याही वर जाते. पडद्यावरील चित्रात हे दोन्ही सारखेच सपाट दिसतात!

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणाला वाटेल. पण या एका रकान्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. सुती कापडावर फिरविलेली कडक इस्त्री पॉलिएस्टरवर टेकली, तर ते वितळून इस्त्रीस चिकटते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला, तर तो आटून धाकट्या भावाला होईल एवढा होतो. आणि दिवाळीत फटाके उडविताना सुती कपडे घाला, असे घरची वडील माणसे का सांगतात? सूतही पेटते, पण पॉलिएस्टर किंवा नायलॉन पेटता पेटता वितळते व तो तप्त रस कातडीला चिकटून खोल भाजतो. नोंदीत 'सुती' लिहिले आणि सदरा निघाला पॉलिएस्टरचा, तर फसवणूक केवळ पैशांची राहत नाही.

जाणती माणसे धागा जाळून त्याची ओळख पटवितात. हा प्रयोग मोठ्यांनीच, चिमट्यात धागा धरून करावयाचा असतो. सूत कागदासारखे जळते, वासही कागदाचाच येतो आणि मागे मऊ राख राहते. रेशीम ज्योतीपासून आक्रसते, त्याला केस जळल्याचा वास येतो आणि टोकाशी उरलेली काळी गुठळी चिमटीत चुरडते. पॉलिएस्टर वितळते, त्याचा मणी गार झाल्यावर खड्यासारखा टणक होतो. असे असले तरी एक धागा या परीक्षेतून निसटतो. तो म्हणजे रेयॉन. तो झाडाच्या लगद्यापासून बनलेला असल्यामुळे सुतासारखाच जळतो. त्याला सूक्ष्मदर्शकाखालीच धरावे लागते. तेथे कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. रेयॉनच्या तंतूला तो नैसर्गिक पीळ नसतो.

या रेयॉनने अमेरिकेतील मोठमोठ्या दुकानदारांनाही अडचणीत आणले. बांबूचा लगदा करून तो कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवितात. मधासारखा दाट द्रव तयार होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की त्याचे धागे बनतात. हे धागे म्हणजे रेयॉन. मूळ झाड बांबूचे असो की दुसरे कोणते, एवढ्या प्रक्रियेनंतर त्या झाडाचे गुण धाग्यात उरतात असे मानण्यास आधार नसतो. तरीही विक्रेते त्याला नुसते 'बांबूचे कापड' म्हणू लागले. काहींनी ते निसर्गस्नेही व जंतुनाशक असल्याचेही छापले. बांबूचे नाव ऐकून ग्राहकाच्या डोळ्यांसमोर हिरवेगार बेट उभे राहते. रसायनांची टाकी त्याला दिसत नाही.

अमेरिकेत १९५८ साली झालेल्या एका कायद्याप्रमाणे कपड्यावर धाग्याचे खरे नाव लिहिणे बंधनकारक आहे. त्या आधारे फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००९ साली काही विक्रेत्यांवर कारवाई केली आणि २०१० साली ७८ विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रे धाडली. पत्रांनीही सर्वांचे डोळे उघडले नाहीत. २०१३ साली चार विक्रेत्यांना मिळून १२ लाख ६० हजार डॉलर दंड भरावा लागला. २०२२ साली दोन अतिशय मोठ्या दुकानांच्या बाबतीत ही रक्कम ५५ लाख डॉलरपर्यंत गेली. 'रेयॉन' ऐवजी 'बांबू' लिहिल्याची ही किंमत होती.

भारतातही असा एक निसरडा शब्द आहे: 'आर्ट सिल्क'. वाचणाऱ्यास वाटते, हे कलाकुसरीचे रेशीम असावे. वस्तुतः येथे 'आर्ट' हे 'आर्टिफिशियल' या शब्दाचे तोकडे रूप आहे. म्हणजे ते रेशीम नव्हेच. कृत्रिम धागा आहे. नोंद करणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते आणि तरी वाचणारा फसतो, अशी या शब्दाची करामत! खऱ्या रेशमाची खूण पटावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली 'सिल्क मार्क' ही चिठ्ठी सुरू झाली. ती शुद्ध रेशमाच्या मालालाच लावतात.

आता पुन्हा त्या गोदामात डोकावावे. नोंद करणाऱ्या मुलीपुढे एक जांभळी साडी आली आहे. विक्रेत्याने पाठविलेल्या कागदावर 'रेशमी पैठणी' असे लिहिले आहे. पदरावर मोर आहेत. मुलगी पदर उलटून पाहते. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागून-पुढून जवळजवळ सारखीच दिसते. येथे मागच्या बाजूस कापलेल्या धाग्यांची कुसे लोंबत आहेत. साडीला सिल्क मार्कची चिठ्ठी नाही. ती पदराच्या दशीतील एक धागा काढून तपासनिसाकडे देते. तो काडी ओढतो. धागा वितळतो आणि चिमट्याच्या टोकावर टणक मणी उरतो.

ती विक्रेत्यास फोन लावते. तो म्हणतो, "ताई, पॉलिएस्टर लिहिलंत, तर या भावाला साडी कोण घेईल?" त्याचेही खोटे नाही, त्याचे पैसे मालात अडकलेले आहेत. परंतु येवल्यास एखादा विणकर खऱ्या रेशमाच्या पैठणीवर कित्येक आठवडे, नक्षी दाट असली तर कित्येक महिने, मागावर बसलेला असतो. त्याची साडीही याच पडद्यावर, याच्याच शेजारी दिसणार असते.

"भाव तुम्ही ठरवा, दादा," ती म्हणते, "धागा मात्र मी लिहिते." आणि ती रकान्यात लिहिते: धागा – पॉलिएस्टर १०० टक्के. वीण – यंत्रमाग, पैठणीसारखी नक्षी. तेवढ्यात पुढचा गठ्ठा तिच्या टेबलावर येऊन पडतो.