पाचशेचा उंबरठा, हजाराचा दरवाजा

प्रश्न : सासरे आणि मी यूट्यूबवर जुन्या शेतीअवजारांचे व्हिडिओ टाकतो. ६४० सबस्क्रायबर झालेत. पैसे कधी सुरू होतील?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचं प्रेक्षण लागतं. (शॉर्ट्सच्या फीडमधले तास यात धरत नाहीत. तिथेच बरेच जण फसतात.) पण ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि वर्षाचे ३,००० तास भरले, की 'सुपर थँक्स' (प्रेक्षकांनी व्हिडिओवर थेट दिलेले पैसे) आधीच मिळू शकतं. त्यातले ७० टक्के तुमचे, तर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५. ३,००० तास भरत असतील तर आधी या पाचशेच्या उंबरठ्यावरच अर्ज करा. तुमचा प्रेक्षक थोडा, पण जीव लावणारा असणार. भात्याशी फाळ तापताना सासऱ्यांचा आवाज तेवढा ठेवा; मागे सिनेमाचं गाणं लावलंत, तर कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते.

खात्यावर १० डॉलर जमले, की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. पैसे १०० डॉलर झाल्यावरच. पत्त्यात मळ्याचं नाव घाला आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा.