पाकिटाची मागची बाजू

चि. अनघास,



सीलिअकमुळे रेवाचा गहू बंद करून वर्ष होत आलं, तरी तिच्या रक्तातला टीटीजीचा आकडा खाली येत नाही, असं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच सासूबाईंवर घसरलीस. त्या तिला गुपचूप पोळी भरवत असतील, असा तुझा संशय. मला तसं वाटत नाही. नातीसाठी या वयात रोज भाकऱ्या थापणारी बाई चोरून पोळी कशाला देईल? तू आधी तुझा मिसळणाचा डबा तपास.

त्यातला हिंग बघ. आपण वाण्याकडून आणतो तो निव्वळ हिंग नसतोच. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा मूळ चीक फार उग्र असतो, म्हणून त्यात खायचा डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. हे पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं, काही कंपन्यांचं तांदळाचं. आणि हिंग जात नाही असं आपलं कुठलं रांधणं आहे, सांग! वरण, आमटी, मठ्ठा, वर विकतचं लोणचं, पापड, चिवडा, गोडा मसाला. पोळी बंद केलीस, पण मैदा रोज फोडणीतून पानात येतोय.

चिमूटभरानं काय होतंय, असं लोक म्हणतील. मैद्यात साधारण दहा टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे अर्धा ग्रॅम मैदा पोटात गेला की पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी सीलिअक असलेल्या मोठ्या माणसांना रोज एवढंच ग्लुटेन तीन महिने देऊन पाहिलं, तर आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. हे मोठ्यांचं, रेवा सात वर्षांची आहे. तिचं पोट दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. माझ्या मुलाला चुकून गहू गेला की तासाभरात उलट्या. मला मात्र काहीच कळायचं नाही, रक्ताचा रिपोर्ट तेवढा बोलायचा. एकाच घरात हे असं.

आता पाकिटांविषयी. पुढची बाजू वाचायचीच नाही. तिथे नाचणीची कणसं काढलेली असतात आणि मागे घटकांच्या यादीत पहिलाच शब्द मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, तेव्हा जे पहिलं तेच सर्वांत जास्त. मल्टीग्रेन म्हटलं की गहू आहे असंच धर. कॉर्नफ्लेक्स मक्याचे खरे, पण चवीला त्यात माल्ट एक्स्ट्रॅक्ट घालतात आणि माल्ट सहसा जवाचं असतं. जव म्हणजे ग्लुटेन आलंच. दुधात घालायला डब्यातून मिळणाऱ्या पावडरींचं तेच. सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो. आपल्याकडचं सातूचं पीठ, भाजणी, मेतकूट यांतही गहू पडतो, आणि नेमकं हेच घरगुती म्हणून कुणी वाचत नाही. बचत गटाच्या पाकिटावर घटक छापलेले नसतील, तर त्या बायकांना विचार. त्या खरं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

घटकांच्या खाली ॲलर्जीची ओळ असते, तीही बघ. गहू आहे किंवा असू शकतो असं लिहिलं असेल तर पाकीट जागेवर ठेव. अशी ओळ नाही म्हणून सगळं आलबेल, असंही नाही. आणि नेमक्या त्या ओळीवर दुकानदारानं किमतीचं लेबल चिकटवलेलं असतं. ते नखानं काढून वाच, दुकानदार काय म्हणेल याची भीड धरू नकोस. ग्लुटेन-फ्री लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानं किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. ते चालेल. पण 'लो ग्लुटेन' लिहिलेलं म्हणजे 20 ते 100 मिलिग्रॅमपर्यंतचं, ते तिला नको.

शिवाय एकदा वाचलं म्हणजे कायमचं झालं, असं होत नाही. नाव तेच, रंग तोच आणि आतली कृती बदललेली, हे होत राहतं. नेहमीच्या पापडाचं पाकीटही दर वेळी उलटून बघ. कंटाळा येतो, मलाही येतो. म्हणून मी पाकिटंच कमी केली. तो महागडा ग्लुटेन-फ्री केक तू आणतेस ना, त्यात स्टार्च आणि साखर यापलीकडे फारसं काही नसतं. वाढदिवसाला आण, रोजच्या डब्याला नको. घावन, धिरडी, तांदळाची उकड, पोहे, राजगिऱ्याचा लाडू, वरईचा भात एवढं असताना मूल उपाशी राहत नाही. पोह्यांच्या फोडणीत तो हिंग मात्र नको.

पीठही विकतचं नको. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी पडली की जात्यात अडकलेला गहू ज्वारीत उतरतो, आणि पाकीटबंद पिठाच्या गिरणीत काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. ज्वारी, तांदूळ अख्खे आण, निवड, धुऊन वाळव आणि घरघंटीवर दळ. घरघंटी फक्त याच धान्यांची ठेव. तुमच्या पोळ्यांची कणीक बाहेरून दळून आणा.

सासूबाईंशी भांडू नकोस. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या कशा वाचणार? सामान आलं की तूच वाच आणि चालणाऱ्या डब्यांवर मराठीत 'रेवाचं' अशी ठळक चिठ्ठी लाव. एक फळी फक्त तिची ठेव. हे नवीन खूळ आहे असं कुणी म्हणालंच, तर सांग की 1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी नावाच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन करून ठेवलंय.

इतकं करूनही कधीतरी चुकून जाईलच. तेव्हा पोरीला रागावू नकोस, उलटी करायला लावू नकोस. पाणी दे, हलकं खायला दे, त्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेव आणि फारच त्रास झाला तर डॉक्टरांना दाखव. रागावलीस तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. मैत्रिणीच्या डब्यातलं काय खाल्लं ते तिनं आपणहून येऊन सांगितलं पाहिजे.

आता एक काम लगेच कर. सगळ्या घराचाच गहू बंद करते म्हणालीस, तर जरा थांब. हे दुखणं रक्ताच्या नात्यात फिरतं, आपल्या घरात तू पाहतेसच. आधी तुझी, जावईबापूंची आणि धाकट्याची टीटीजीची तपासणी करून घे. काही त्रास नसला तरी कर. गहू सोडल्यावर केलेली तपासणी खोटाच दिलासा देते, तेव्हा नमुने देईपर्यंत तिघांनीही रोजची पोळी खा. रिपोर्ट आले की मला फोन कर.

तुझी,
मावशी