उष्णता व अवर्षण : पिकांवरील दुहेरी संकट

पावसात खंड पडला की पिकाच्या नुकसानीचा अंदाज पर्जन्यमानावरून बांधण्याची आपल्याकडे सर्वसाधारण रीत आहे. परंतु त्या खंडाच्या काळात तापमान किती होते, हे पाहिल्याशिवाय तो अंदाज पुरा होत नाही.

१९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा ऑगस्ट हा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला आणि महिन्याचे सरासरी तापमानही या नोंदींतील ऑगस्टमध्ये सर्वाधिक होते. महाराष्ट्रात सोयाबीनचे पीक याच सुमारास फुलोऱ्यात व शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

एक ताण दुसऱ्यास पूरक

मुळांनी शोषलेले पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते व त्यामुळे पान थंड राहते. जमिनीत ओल असेपर्यंत पीक ऊन सोसते ते यामुळेच. ओल आटू लागताच ही छिद्रे मिटतात. मग पान तापते आणि कर्बवायू कमी मिळाल्याने अन्ननिर्मितीही घटते. दुसरीकडे, तप्त व कोरडी हवा उरलीसुरली ओल वेगाने शोषून घेते. बाष्पीभवन थांबले की सूर्याची उष्णता जमीन व हवा तापविण्यातच खर्ची पडते. अशा रीतीने दोन्ही ताण परस्परांस बळ देतात. फुलोऱ्यात परागकण निकामी होतात, फुले व कोवळ्या शेंगा गळतात. दाणे भरण्याचा काळ आखडून दाणा बारीक राहतो. हलक्या, उथळ जमिनीत हे सर्व लवकर घडते.

उपाययोजना

तापमान आपल्या हाती नाही. ओल मात्र काही अंशी राखता येते. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी, वेळेवर कोळपणी, पिकाच्या अवशेषांचे आच्छादन आणि फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना शेततळ्यातून एखादे संरक्षित पाणी, हे उपाय त्यासाठी उपयुक्त आहेत. उपलब्ध पाणी थोडे असेल तर ते याच नाजूक अवस्थेसाठी राखून ठेवणे हिताचे होय.

ग्रामपंचायतींनी व क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी पावसाच्या खंडाचे दिवस, त्या दिवसांतील कमाल तापमान आणि पिकाची अवस्था या तिन्ही गोष्टींची नोंद एकत्र ठेवावी. शाळांनाही या कामी हातभार लावता येईल. वीस दिवसांचा खंड ढगाळ हवेत आणि रणरणत्या उन्हात सारखाच मोजला गेला, तर शेतकऱ्याचे खरे नुकसान कागदावर येणारच नाही.