यकृताचा आजार : घरच्यांनी ओळखायच्या खुणा



माझे यजमान आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत. तरी मधुमेह आणि यकृतावर साचलेली चरबी यांतून त्यांना सिरोसिस झाला. आम्ही रुवीत राहत असताना आषाढी एकादशीला त्यांनी निर्जळी उपवास केला. पुढे दोन दिवस पोट साफ नाही; रात्री जागरण, दिवसा झोप; सहीसुद्धा वाकडी. मी स्वतः परिचारिका, तरी "वय झालं आता" म्हणून सोडून दिले. तिसऱ्या पहाटे ते विचारू लागले, "सांगलीची गाडी किती वाजता?" तेव्हा माझे डोळे उघडले. रुग्णालयात डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगितले, तर पंजे पंखासारखे फडफडत होते.

यकृत थकले की अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात. बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, झोपेच्या गोळ्या यांनी हा भ्रम वाढतो. लॅक्टुलोजने रोज दोन-तीनदा मऊ शौचास होऊ लागले, तसे ते सावरले.

इतर खुणाही लक्षात ठेवा :

१. पोटात पाणी : रोज सकाळी वजन करा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, लोणचे-पापड बंद. सोबत ताप किंवा पोटदुखी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सुईने पाणी काढून तपासतात. घन मिलिमीटरला २५० हून अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्यास जंतुसंसर्ग समजून उपचार करतात.

२. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच : अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटलेली असू शकते. लगेच ९९९९ वर फोन करा.

३. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन मनाने घेऊ नका, मूत्रपिंडे बिघडतात.

४. कर्करोग वेळीच कळावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

डाळ, दही, पनीर बंद करू नका. झोपण्यापूर्वीही थोडे खायला द्या. उपाशीपोटी स्नायू झिजतात, आणि अमोनियाचा निचरा करण्यात स्नायूंचाच मोठा हातभार असतो. यजमान आता एकादशीलाही वेळेवर जेवून नामस्मरणाला बसतात. देवाला तेवढे पुरते.

विनंती : अशा रुग्णांना अचानक रक्त लागते. निरोगी तरुणांनी बौशरच्या रक्तपेढीत रक्तदान करावे. एकट्या ज्येष्ठांना तपासणीला गाडीने नेऊ शकणाऱ्यांनी मंदिर कार्यालयात नाव नोंदवावे.